घरपोच संख्याशास्त्र

१९६१ सालच्या पहिल्या सहामाहीत अमेरिकेतल्या एनबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीवर पहाटे साडेसहाला संख्याशास्त्राचा तास भरत असे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी हार्वर्डचे फ्रेडरिक मॉस्टेलर शिकवत, तर मंगळवारी आणि गुरुवारी मॉन्टक्लेअर स्टेट कॉलेजचे पॉल क्लिफर्ड. ‘कॉन्टिनेन्टल क्लासरूम’ नावाची ही मालिका १९५८ मध्ये भौतिकशास्त्राने सुरू झाली होती. रशियाने स्पुटनिक सोडल्यापासून अमेरिकेला आपल्या शाळा-कॉलेजांतल्या विज्ञान-गणिताची जी धास्ती वाटू लागली होती, तिचेच हे अपत्य. मॉस्टेलर यांचा तास पाहणाऱ्यांचा अंदाज दहा लाखांच्या वर जातो, आणि दुरून शिकवण्याच्या इतिहासात हा आकडा आवर्जून सांगितला जातो. त्याच्या शेजारी मांडायला हवी अशी दुसरी गोष्ट मात्र सहसा कोणी मांडत नाही. या तासांवर कॉलेजचे श्रेयांक हवे असतील तर घरी टीव्ही असून भागत नव्हते. मालिकेत सामील झालेल्या तीनशेहून अधिक महाविद्यालयांपैकी एकात नाव घालावे लागे, आणि गृहपाठ पाहायचा, शंका ऐकायच्या, परीक्षा घ्यायची हे काम तिथला स्थानिक प्राध्यापक करी. पडद्यावर एक मॉस्टेलर दिसत होते, पण तो अभ्यासक्रम चालवणारी माणसे शेकडो होती आणि त्यांच्यातल्या एकाचेही नाव कार्यक्रमात झळकत नव्हते.

आज संख्याशास्त्राचा पदवीचा पहिला अभ्यासक्रम ऑनलाइन घेणारा विद्यार्थी स्वतःला नव्या युगाचा समजतो, त्याला शिकवणाऱ्या संस्था तर जास्तच. आधी टपाल, मग रेडिओ-टीव्ही, मग इंटरनेट, आणि प्रत्येक नव्या साधनाने जुन्याला मागे टाकले, अशी या इतिहासाची गोष्ट सांगण्याची रीत पडली आहे. पुरावा पाहिला तर गोष्ट निराळी दिसते. संख्याशास्त्र वर्गाबाहेर शिकवण्याचे प्रयोग शंभर वर्षांहून जुने आहेत आणि त्यांत साधन कोणते होते याने फारसा फरक पडलेला नाही. शिकणाऱ्याचे उत्तर चुकले हे त्याला कोण सांगते आणि किती दिवसांनी सांगते, यावर प्रत्येक प्रयोगाचे भवितव्य ठरले. हे सगळ्याच विषयांना लागू आहे असे कोणी म्हणेल. आहेच, पण संख्याशास्त्राला जरा जास्त, कारण इथल्या चुकीची जात वेगळी असते. बीजगणितात उत्तर चुकले की ताळा जुळत नाही. इथे आकडेमोड बिनचूक असूनही निष्कर्ष साफ चुकलेला असू शकतो. एका गावातल्या चाळीस शेतकऱ्यांच्या उत्पन्नाची सरासरी काढताना त्यात एक शंभर एकरवाला बसला असेल, तर बेरीज-भागाकार अचूक होऊनही आलेला आकडा त्या गावातल्या कोणाचाच नसतो. पी-मूल्य ०.०३ आले म्हणजे मूळ गृहीतक खरे असण्याची शक्यता तीन टक्के, असे वाक्य विद्यार्थी आत्मविश्वासाने लिहितो. गणकयंत्राला त्या वाक्यातली चूक दिसत नाही आणि पुस्तकाच्या मागे छापलेल्या उत्तरांत ती सापडत नाही. ते वाक्य वाचणारे कोणीतरी लागते.

मुळात हा विषय वर्गात जन्मलाच नाही. त्याला गिऱ्हाईक होते ते शेतावर, कारखान्यात आणि दवाखान्यात. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करणारे विल्यम गॉसेट थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा या प्रश्नाने अडले, १९०६-०७ मध्ये लंडनला कार्ल पिअर्सन यांच्याकडे वर्षभर राहून आले आणि १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्यांनी तो प्रसिद्ध लेख लिहिला. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर रिसर्च वर्कर्स’ हे पुस्तक लिहिले तेही गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी नव्हते. नावातच सांगितल्याप्रमाणे ते प्रयोगशाळेत आणि शेतावर राबणाऱ्या संशोधकांसाठी होते, आणि त्यातली कोष्टके उघडून हाताशी असलेले काम उरकावे अशीच त्याची रचना होती. सिद्धता जवळजवळ नाहीत, उदाहरणे रग्गड. शिक्षकाविना शिकण्याचे ते पहिले मोठे पाठ्यपुस्तक म्हणता येईल. पण फिशर यांचा पत्रव्यवहार अवाढव्य होता, आणि पुस्तक वाचून अडलेली माणसे त्यांना पत्राने गाठत किंवा रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर जाऊन बसत, हे लक्षात घेतले की ‘शिक्षकाविना’ हा शब्द थोडा मागे घ्यावा लागतो.

भारतात तर हा विषय अक्षरशः जहाजातून आला. १९१५ मध्ये केंब्रिजचे शिक्षण आटोपून प्रशांतचंद्र महालनोबिस मायदेशी निघाले ते ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे खंड घेऊन, आणि बोटीवरच त्यांनी ते वाचायला घेतले. ते भौतिकशास्त्राचे पदवीधर होते. संख्याशास्त्राचा वर्ग त्यांनी पाहिलेला नव्हता. घरबसल्या शिकण्याच्या बाजूने याहून मोठा दाखला कुठला, असे वाटणे साहजिक आहे. पण पुढची वर्षे पाहावीत. तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील यांनी त्यांच्यापुढे कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षांचे निकाल ठेवले. १९२० मध्ये नागपूरला भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल भेटले आणि त्यांनी कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियनांच्या शरीरमापांची माहिती महालनोबिस यांच्या हाती दिली. १९२२ मध्ये त्यावर त्यांचा पहिला संख्याशास्त्रीय निबंध आला. म्हणजे पुस्तकातून शिकलेले लगेच खऱ्या आकड्यांवर घासून पाहण्याची संधी मिळाली, आणि ‘हे बरोबर दिसत नाही’ असे म्हणू शकणारी, त्या आकड्यांतले खाचखळगे जाणणारी माणसे समोर बसलेली होती. १९३१ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली ती प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या अशाच एका खोलीतून. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे यांच्यासारख्यांना त्याच दशकात लंडन गाठून शिकता आले. ज्यांना लंडन गाठता येत नव्हते त्यांच्यासाठी छापील खंड होते, आणि नशीब असेल तर एखादा सील किंवा अ‍ॅनंडेल.

टपालाने शिकवण्याचा रीतसर उद्योग याच्याही आधीचा. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये बाहेरून परीक्षा देण्याची दारे उघडली, शिकागो विद्यापीठाने १८९२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. दिल्ली विद्यापीठाचा पत्रद्वारा शिक्षणाचा प्रयोग १९६२ चा, आणि मग एकामागून एक भारतीय विद्यापीठांनी तोच कित्ता गिरवला. त्यांपैकी पुष्कळांना हे विभाग म्हणजे दुभती गाय वाटली. शुल्क घ्यायचे, छापील पाठ पाठवायचे, वर्षअखेरीस परीक्षेचा क्रमांक पाठवायचा. दुभत्या गाईला चारा घालावा लागतो एवढे भान किती जणांनी ठेवले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने या धंद्याची रीत बदलली, आणि इथे थोडे थांबले पाहिजे. १९६९ मध्ये सनद मिळालेल्या या विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी जानेवारी १९७१ मध्ये शिकू लागले. बीबीसीवरचे त्यांचे रात्री-पहाटेचे कार्यक्रम इतके गाजले की लांब केसांचा, रुंद पट्ट्याच्या टायचा प्राध्यापक हा इंग्रजी विनोदाचा विषय होऊन बसला. पण विद्यार्थ्याच्या आठवड्यात त्या कार्यक्रमांचा वाटा थोडाच असे. खरा भार छापील पाठांवर आणि दोन प्रकारच्या गृहपाठांवर होता. एक गृहपाठ यंत्र तपासी, बहुपर्यायी उत्तरांचा. दुसरा ट्यूटर तपासत असे. ट्यूटर म्हणजे विद्यार्थ्याच्या भागातलाच, अर्धवेळ नेमलेला शिक्षक. ठरलेल्या तारखेच्या आत उत्तरे टपालात टाकायची, आणि ती परत येत तेव्हा समासात शेरे असत. नुसते ‘चूक’ नव्हे, तर कुठे वाट चुकली आणि तिथून परत कसे यायचे ते लिहिलेले. विद्यापीठाने याला शिकवण्याचाच दर्जा दिला होता. पेपर तपासणे हे वर्गातल्या प्राध्यापकाला शिकवून झाल्यानंतरचे कंटाळवाणे काम वाटते. इथे तेच शिकवणे होते. एवढ्यावर न थांबता ट्यूटरने लिहिलेले शेरे पुरेसे आहेत की नाहीत हे पाहायला दुसरा अनुभवी माणूस असे आणि ट्यूटरला त्याबद्दल कळवले जाई. विद्यार्थ्याच्या चुकीवरच्या शेऱ्याचीही तपासणी करणारी व्यवस्था मला तरी जगातल्या कोणत्याही नेहमीच्या कॉलेजात दिसलेली नाही.

१९८३ मध्ये या विद्यापीठाने ‘स्टॅटिस्टिक्स इन सोसायटी’ हा प्राथमिक अभ्यासक्रम सुरू केला. नावात ‘समाज’ आहे ते उगीच नाही. अर्थकारण, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांतल्या प्रश्नांपासून सुरुवात करायची आणि मग पद्धतीकडे यायचे, असा त्याचा रोख होता. घरी बसून नोकरी-संसार सांभाळत शिकणाऱ्या प्रौढाला चेंडू आणि पिशव्यांची उदाहरणे पुरत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. नेहमीच्या महाविद्यालयांतल्या संख्याशास्त्राच्या शिक्षकांना हे पटायला आणखी बराच काळ लागला. अमेरिकेत जॉर्ज कॉब यांचा १९९२ चा अहवाल आणि त्यावरून पुढे २००५ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात की खरी माहिती वापरा, संकल्पनांवर भर द्या, सूत्रांची घोकंपट्टी कमी करा. या बाबतीत दुरून शिकवणारे वर्गात शिकवणाऱ्यांच्या पुढे होते. त्यांचा विद्यार्थी कंटाळला तर बाकावर बसून राहत नव्हता, सरळ सोडून जात होता, त्यामुळे शहाणपण लवकर आले असावे.

याच सुमारास आणखी एक अडसर दूर होत होता. संख्याशास्त्राचे प्रात्यक्षिक म्हणजे हाताने फिरवायची गणकयंत्रे असलेली खोली, हे समीकरण अनेक दशके पक्के होते. ते यंत्र कोणी घरी विकत घेत नसे, म्हणून प्रात्यक्षिकासाठी कॉलेजात जाणे भाग होते. १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात मिनिटॅब ही संगणक प्रणाली तयार झाली ती विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठीच. आज जगभर संशोधनासाठी वापरली जाणारी ‘आर’ ही संगणकभाषासुद्धा १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी रचली, तीही आपल्याच प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांना शिकवण्याची सोय म्हणून. घरोघरी संगणक आला तेव्हा प्रात्यक्षिकाची खोली त्याच्याबरोबर घरात आली. आकडेमोडीचे कष्ट संपले. त्याबरोबर एक आडवळणाचा तोटाही झाला. पूर्वी विद्यार्थी प्रमाण विचलन काढता काढता दमत असे आणि त्या दमण्यात एखादा विसंगत आकडा त्याच्या नजरेत येई. आता एका कळीसरशी दहा पानांचे उत्तर बाहेर पडते आणि चूक फक्त अर्थ लावण्यात उरते, म्हणजे नेमकी तिथे, जिथे वाचणारा माणूस लागतो.

१९८९ मध्ये अमेरिकेत ‘अगेन्स्ट ऑल ऑड्स’ ही २६ भागांची चित्रमालिका आली. तिचा आशय पर्ड्यू विद्यापीठाचे डेव्हिड मूर यांनी घडवला होता. मालिका उत्तम होती. आजही ती पाहताना फळ्यासमोरचा प्राध्यापक का कंटाळवाणा वाटतो ते कळते. व्याख्यान टिपून ठेवता येते, ते कितीही वेळा दाखवता येते आणि एका चांगल्या शिक्षकाचे शिकवणे हजारो घरांत नेता येते, हा प्रश्न या मालिकेबरोबर जवळपास सुटला. त्यानंतर वीस वर्षांनी जे ‘क्रांती’ म्हणून विकले गेले त्यातला बराचसा भाग हा सुटलेला प्रश्न पुन्हा सोडवण्याचा होता.

न सुटलेल्या प्रश्नाला हात घातला तो पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने. ह्युलेट फाउंडेशनच्या पैशावर २००२ मध्ये सुरू झालेल्या ओपन लर्निंग इनिशिएटिव्हच्या पहिल्या अभ्यासक्रमांत संख्याशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम होता. त्यात व्हिडिओ-व्याख्यानांवर भर नव्हता. विद्यार्थी दोन परिच्छेद वाचतो, प्रश्न सोडवतो, चुकला तर त्या विशिष्ट चुकीला धरून सूचना मिळते, पुन्हा प्रयत्न करतो. ओपन युनिव्हर्सिटीच्या ट्यूटरला जे दोन आठवडे लागत ते इथे दोन सेकंदांवर आले होते. शिवाय वर्ग कुठे अडला आहे याची नोंद शिक्षकाला दिसत होती. २००७ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांच्या एका लहान गटाने पंधरा आठवड्यांचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांत केला आणि संकल्पनांच्या परीक्षेत ते नेहमीच्या वर्गाच्या मागे पडले नाहीत. हा निकाल मोठ्या कौतुकाने जगभर फिरला. मात्र ‘ऑनलाइन’ म्हणून फिरलेल्या या प्रयोगात विद्यार्थी आठवड्यातून दोनदा शिक्षकासमोर बसत होते, आणि यंत्राने दाखवलेल्या चुकांवर त्या वेळी बोलणे होत होते. शिवाय ते स्वखुशीने पुढे आलेले विद्यार्थी होते. अशा गटावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढू नये, हे याच अभ्यासक्रमात शिकवले जाते.

इथे वर्गाची बाजू घेणारे पुढे येतील म्हणून वर्गाचाही हिशेब पाहू. वर उल्लेखलेली संकल्पनांची परीक्षा चाळीस प्रश्नांची आहे. रॉबर्ट डेलमास, जोन गारफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००७ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांतल्या ७६३ विद्यार्थ्यांचे निकालही दिले. अभ्यासक्रमाआधी सरासरी सुमारे ४५ टक्के, अभ्यासक्रम संपल्यावर ५४ टक्के. एका सत्राची कमाई नऊ टक्के! समोरासमोर बसून, फळा-खडू-शिक्षक सगळे असताना. तेव्हा वर्ग म्हणजे सोने आणि ऑनलाइन म्हणजे पितळ, या तुलनेत पहिला घटकच तपासून घ्यायला हवा. शंभर-दोनशेंच्या सभागृहात मागच्या रांगेत बसलेला विद्यार्थी अंतराच्या दृष्टीने प्राध्यापकाजवळ असेल, पण त्याच्या चुकीला उत्तर मिळण्याच्या दृष्टीने तो कधीकधी ओपन युनिव्हर्सिटीच्या स्कॉटिश बेटावरच्या विद्यार्थ्यापेक्षा लांब असतो.

प्रिन्स्टनचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन यांनी अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांच्यासह १९६० च्या दशकात एक सिद्धान्त मांडला होता. नाटक, संगीत, शिक्षण यांसारख्या माणसाच्या वेळावर चालणाऱ्या व्यवसायांत यंत्राने कष्ट वाचत नाहीत, म्हणून ते काळानुसार महागच होत जातात. याच बोवेन यांनी उतारवयात आपल्या सिद्धान्ताला अपवाद सापडतो का ते पाहायला घेतले आणि त्यासाठी विषय निवडला तो संख्याशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम. २०११ च्या शरद सत्रात अमेरिकेतल्या सहा सार्वजनिक महाविद्यालयांत ६०५ विद्यार्थी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले गेले. एक गट नेहमीच्या वर्गात, दुसरा कार्नेगी मेलनच्या अभ्यासक्रमावर, आठवड्यात एक तास शिक्षकाबरोबर. उत्तीर्णांचे प्रमाण, अंतिम परीक्षा, चाळीस प्रश्नांची चाचणी, कशातही दखल घ्यावी असा फरक सापडला नाही, आणि दुसऱ्या गटाचा एकूण वेळ सुमारे चतुर्थांशाने कमी लागला. ऑनलाइनच्या समर्थकांनी हा अहवाल ढालीसारखा वापरला. माझ्या लेखी त्याचे महत्त्व त्याच्या रचनेत आहे. दुरून शिकवण्याच्या दीड शतकाच्या इतिहासात ‘ज्यांनी निवडले’ आणि ‘ज्यांनी निवडले नाही’ यांची तुलना करून ढीगभर निष्कर्ष निघाले होते. इथे निवड विद्यार्थ्याच्या हातातून काढून घेतली होती. आणि तो एक तास दुसऱ्या गटातही राखलेला होता. शून्य तासांचे काय होते, हे या प्रयोगाने विचारलेलेच नाही.

ते विचारले गेले सॅन होजेला. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली होती आणि त्यातून युडॅसिटी ही कंपनी उभी राहिली. जानेवारी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या उपस्थितीत सॅन होजे स्टेट विद्यापीठाने युडॅसिटीबरोबर तीन अभ्यासक्रम जाहीर केले. दोन गणिताचे, तिसरा प्राथमिक संख्याशास्त्राचा. शुल्क प्रत्येकी १५० डॉलर. सत्र संपले तेव्हा संख्याशास्त्रात जेमतेम निम्मे विद्यार्थी उत्तीर्ण झाले होते, वर्गातल्या त्याच अभ्यासक्रमापेक्षा बरेच कमी, आणि गणितात तर त्याहून वाईट. जुलैमध्ये विद्यापीठाने प्रयोग थांबवला. मग उन्हाळी सत्राचे आकडे आले आणि संख्याशास्त्राचे उत्तीर्ण एकदम ८३ टक्क्यांवर गेले. अभ्यासक्रम सुधारला, असा डंका लगेच वाजला. सुधारणा झाल्याही होत्या. पण उन्हाळ्यात बसलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांजवळ आधीच एक पदवी होती. वसंतात बसले होते ते गणितात मागे पडलेले आणि काही अजून शाळेत असलेले विद्यार्थी. दोन वेगळ्या लोकसंख्यांचे दोन नमुने घेऊन त्यांतल्या फरकाचे श्रेय मधल्या उपचाराला द्यायचे, ही चूक कोणत्याही संख्याशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या काही प्रकरणांत दाखवलेली असते. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्रयोगाचा निकाल वाचतानाच ती झाली, याला काय म्हणावे!

माझ्या म्हणण्याला सॅन होजेमुळेच एक गंभीर आक्षेप निर्माण होतो आणि तो टाळून चालणार नाही. तिथे उत्तर देणारी माणसे नव्हती असे नाही. युडॅसिटीने ऑनलाइन मदतनीस नेमले होते. मग निम्मे विद्यार्थी का बुडाले? त्या सत्रावर नंतर झालेल्या अभ्यासात असे दिसले की यशाशी सर्वांत घट्ट नाते होते ते विद्यार्थ्याने किती गृहपाठ सोडवून पाठवले याच्याशी. वय, आधीचे गुण, लिंग यांच्याहून जास्त. आणि मदत उपलब्ध आहे हे अनेकांना ठाऊकच नव्हते. जो उत्तर पाठवतच नाही त्याच्या चुकीला कोणीही उत्तर देऊ शकत नाही. तेव्हा माझा मुद्दा थोडा दुरुस्त करायला हवा. चूक परत पाठवणारा माणूस हवा, आणि चूक वेळेवर पाठवायला लावणारी मुदतही हवी. ओपन युनिव्हर्सिटीच्या गृहपाठाला शेवटची तारीख होती. ‘कॉन्टिनेन्टल क्लासरूम’ला स्थानिक प्राध्यापकाचा वार ठरलेला होता. कधीही, कुठेही, आपल्या गतीने शिका, या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या लाडक्या आश्वासनात नेमकी ही तारीख गळून पडते, आणि फुकट अभ्यासक्रम सुरू करणाऱ्या शंभरांतले नव्वदाहून अधिक वाटेत गळतात यात तिचा वाटा मोठा असावा.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या डी श्यू आणि शॅना जॅगर्स यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या सामुदायिक महाविद्यालयांच्या नोंदी तपासून दाखवले की ऑनलाइन अभ्यासक्रमांत विद्यार्थी वर्गापेक्षा मागे पडतात, आणि आधीच कच्चे असलेले तर जास्तच. मग साधनाचा दोष नाही असे कसे म्हणता? याचे उत्तर त्याच दोघींच्या पुढच्या कामात सापडते. दोन महाविद्यालयांतले २३ ऑनलाइन अभ्यासक्रम त्यांनी मांडणी, उद्दिष्टांची स्पष्टता, तंत्रज्ञान आणि माणसामाणसांतला संवाद अशा अंगांनी तपासले. गुणांशी ठळक नाते दिसले ते फक्त शेवटच्या अंगाचे. कच्चा विद्यार्थी दुरून शिकताना जास्त बुडतो हे खरे आहे, कारण त्याच्या चुका जास्त असतात आणि त्यांना उत्तर न मिळण्याची किंमतही त्यालाच जास्त मोजावी लागते. पक्का विद्यार्थी महालनोबिसांसारखा बोटीवरही शिकतो.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत खरा. शेरे लिहिणारी माणसे महाग पडतात. अमेरिकेत शाळेतच घ्यायच्या एपी स्टॅटिस्टिक्स परीक्षेला १९९७ मध्ये पहिल्यांदा साडेसात हजारांच्या आसपास विद्यार्थी बसले. पुढच्या दोन दशकांत हा आकडा दोन लाखांवर गेला. मानसशास्त्र, परिचारिका, व्यवस्थापन, पत्रकारिता, सगळीकडे हा एक अभ्यासक्रम सक्तीचा झाला. एवढ्यांना ट्यूटर कुठून आणायचे? प्रश्न रास्त आहे, पण त्यातून एक कबुली निघते. प्रत्येक नव्या साधनाच्या स्वागतात ‘आता शिक्षण सगळ्यांपर्यंत पोचेल’ हे मोठ्याने म्हटले जाते, आणि ‘आता तपासणारा माणूस कमी करता येईल’ हे हळू आवाजात. पहिले बहुतेक वेळा खरे ठरले. दुसरे ज्याने ज्याने करून पाहिले त्याच्या निकालात ते दिसले.

महाराष्ट्रात नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झाले, त्याआधी चार वर्षे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. दोघांच्याही घडणीत ओपन युनिव्हर्सिटीचा नमुना समोर होता, आणि छापील पाठ, अभ्यासकेंद्रे, स्वाध्याय हे सगळे तिथून आले. स्वाध्याय तपासून त्यावर शेरे लिहायचे, हा त्या नमुन्याचा कणा मात्र कागदावर जितका ठळक राहिला तितका केंद्राकेंद्रांवर राहिला असे म्हणण्याचे धाडस होत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुणे, मुंबई, नागपूर सगळीकडचे संख्याशास्त्राचे तास एका आठवड्यात मोबाइलवर गेले. व्याख्याने लगेच जमली, त्यांत काही अवघड नव्हतेच. अडले ते प्रात्यक्षिकाच्या वह्यांवर. वहीचा फोटो काढून पाठवायचा, शिक्षकाने तो पडद्यावर मोठा करून वाचायचा, आणि ‘इथे मध्यक घ्यायला हवा होता, सरासरी नव्हे’ हे कुठे लिहायचे ते शोधत बसायचे. त्या वर्षी अंतिम वर्षाच्या परीक्षा अनेक विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांवर ऑनलाइन उरकल्या. पी-मूल्याचा अर्थ विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची वेळच त्यामुळे आली नाही.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्वयम्’वर आज संख्याशास्त्राचे प्राथमिक अभ्यासक्रम आहेत. शिकवणारे नामवंत संस्थांतले आहेत, शिकणे फुकट आहे, प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेला केंद्रावर जावे लागते. व्याख्याने अनेकदा फार चांगली असतात. आठवड्याच्या गृहपाठाला शेवटची तारीख असते, हेही ठीक. तारीख उलटली की यंत्र उत्तरे तपासते, बरोबर पर्यायापुढे खूण करते आणि पुढचा आठवडा उघडते.